बॉल काकांकडे जातो

"आणि मॅच बरोबरीत सुटली, तर माझे दोन तुकडे करणार का?"

वल्लरीनं हे अगदी गोड आवाजात, श्रीखंडाची वाटी हातात धरून विचारलं. फेन्ना आणि अपूर्वा या मैत्रिणींनी तिला कालच ग्रुपवर चॅलेंज दिलं होतं: विचारून दाखव, सगळ्यांसमोर, आणि अजिबात हसायचं नाही. दिवाळीतली वल्लरी असती तर तो प्रश्न घशातच विरघळला असता. पण मधल्या काळात ती शाळेच्या डिबेटमध्ये भरल्या हॉलसमोर उभी राहून, डचमध्ये, हातवारे करकरून जिंकली होती. आणि एकदा भरल्या हॉलसमोर जिंकलं की घरचे पाच जण म्हणजे काय, किस झाड की पत्ती.

तर प्रश्न विचारून ती उभी राहिली. आता स्फोट होईल, मग होईल.

स्फोटबिट काही झाला नाही. पूल टेबलाखालून बाबांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. त्या पायांनी काही दाद दिली नाही. हरीशकाका टेबलाच्या हिरव्या बनातीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून, लांबवर काहीतरी न्याहाळत होते. त्यांनी गाल न उचलताच उत्तर दिलं.

"पूलमध्ये ड्रॉ नसतो गं."

"काळा बॉल गेला की संपलं," टेबलाखालून बाबा म्हणाले. "हरी, आता बघ. अर्धा फेरा दिलाय."

"जास्त झाला. पाव मागे घे."

झालं! तिच्या आयुष्याच्या दोन तुकड्यांपेक्षा बोल्टचा पाव फेरा महत्त्वाचा निघाला. वल्लरीनं श्रीखंडाचा मोठा चमचा तोंडात कोंबला. श्रीखंड डच क्वार्कचं, म्हणजे चक्का टांगून ठेवायची कटकट नाही. आईनं ते पातेलंभर केलं होतं, कारण आज बाबा पन्नास वर्षांचे झाले होते.

या देशात माणूस पन्नास वर्षांचा झाला की त्याला अब्राहम भेटतो म्हणतात. म्हणून शेजारच्या हेंकनं सकाळीच घरासमोरच्या बागेत जुन्या कपड्यांत पेंढा भरलेला, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा खुर्चीत आणून बसवला होता. गळ्यात पाटी, पाटीवर पन्नास. पुण्याहून आलेल्या मालिनीआत्यानं खिडकीतून पाहिलं आणि "अगंबाई, कुणीतरी बाहेरच बसलंय, आत बोलवा की!" म्हणून धावली. पेंढा आहे हे कळल्यावरही तिचा जीव राहिना. बाबांचं औक्षण झाल्यावर त्याच निरांजनानं तिनं अब्राहमलाही ओवाळलं, टिळा लावला. म्हणाली, "दारात आलेल्याला तसंच ठेवू नये." हेंकनं कुंपणावरून टाळ्या वाजवल्या, घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळा हात मिळवून "खेफेलिसिटेर्ड", म्हणजे अभिनंदन, म्हटलं, आणि आपला लांबलचक वॉटरपास, म्हणजे तो बुडबुडा असलेला पट्टा, उसना देऊन केकचा तुकडा घेऊन गेला.

वॉटरपास कशाला? तर आज वल्लरीचं भवितव्य ठरायचं होतं, आणि ते ठरायला टेबल समतल लागत होतं.

हे जगात इतर कुठल्याही घरात सांगितलं तर लोक डॉक्टरांना फोन करतील. पण या घराची रीतच तशी होती. वल्लरीच्या आजोबांना भांडण ऐकवत नसे. पोरं भांडायला लागली की ते निमूटपणे कॅरम मांडत, बोरिक पावडर टाकत, आणि म्हणत, "खेळा. जिंकेल त्याचं ऐकायचं, हरेल त्यानं पुन्हा विषय काढायचा नाही." बाबा इंजिनिअरिंगला गेले ते कॅरमवर. कुत्रा पाळायचा नाही हे ठरलं ते कॅरमवर. आजोबा गेले, भाऊ परदेशात आले, मोठमोठ्या नोकऱ्यांना लागले, तरी ही रीत काही सुटली नाही. फक्त कॅरमचं पूल टेबल झालं. आणि ते टेबल हरीशकाकांनीच दादाच्या पन्नाशीला भेट म्हणून आयंडहोवनहून पाठवलं होतं. दगडी पाटीचे तीन भाग, सहा माणसांनी वाहून आणलेले. दिवाळीत "माझ्या मुलीचं मी बघेन, तू तुझ्या नॅनोमीटरचं बघ" असं बाबा काकांना जे बोलले होते, त्यावर काकांनी धाडलेलं हे वजनदार उत्तर.

भांडण काय होतं? वल्लरी मे महिन्यात शाळेची शेवटची परीक्षा देणार. पुढे युनिव्हर्सिटी. एक मे ही नाव नोंदवायची मुदत, म्हणजे अगदी तोंडावर. काकांचं म्हणणं, तिनं आयंडहोवनला यावं, त्यांच्याकडे राहावं, मेकॅनिकल करावं. त्यांचा अंबरीश कॅनडाला गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती. बाबांचं म्हणणं, तिनं आल्मेरेतच, घरातच राहावं, रोज ट्रेननं अ‍ॅमस्टरडॅमला जावं आणि कम्प्युटर सायन्स करावं. दोघंही तिच्यावर जीव टाकायचे. दोघांनीही तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तिचं स्वतःचं एक उत्तर होतं, बरं का. पण ते विचारल्याशिवाय कसं सांगायचं, यावर तिचं डिबेटचं सगळं शहाणपण अडून बसलं होतं.

"सगळे शांत!" काका ओरडले. "श्वास हळू घ्या."

काकांनी खिशातून आपलं खास इलेक्ट्रॉनिक लेव्हल काढलं. आयंडहोवनला ते चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करत. केसाच्या जाडीत किती फरक पडला यावर त्यांच्या टीमची आठवडाभर मीटिंग चाले. ते यंत्र त्यांनी बाळाला झोपवावं तसं बनातीवर ठेवलं.

"शून्य," ते कुजबुजले. "दादा, शून्य! शून्य आलं!"

बाबा टेबलाखालून सरपटत बाहेर आले. पाठीला लाकडाचा भुसा, हातात पाना, चेहऱ्यावर पन्नाशीतला विजय. "ओके. मग ब्लॉकर संपला. सुरू करू." ऑफिसात ते दिवसभर लोकांना ब्लॉकर काय, म्हणजे काम कशानं अडलंय, ते विचारत असत आणि घरी आल्यावरही त्यांना थांबता येत नसे.

बाबांनी पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध ठेवला. हात काढला.

बॉल क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि मग सावकाश, रविवारी फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा, हरीशकाकांच्या दिशेनं चालू लागला.

"हे काय?" बाबा.

"मी काही नाही केलं," काका.

"शून्य म्हणालास ना?"

"शून्यच होतं!"

"मग हा तुझ्याकडे कसा येतोय?"

काकांनी खाली वाकून पाहिलं आणि मग त्यांचे डोळे बारीक झाले. "या पायाखालचा पुठ्ठा कुणी काढला?"

मालिनीआत्या भिंतीवरच्या किंग्ज डेच्या, म्हणजे इथल्या राजाच्या वाढदिवसाच्या, उरलेल्या नारिंगी पताकांकडे फार कौतुकानं बघायला लागली.

"ताई?"

"मी कशाला काढू?"

"ताई, तुमच्या हातात आहे तो," सुरेखाकाकू म्हणाली.

आत्यानं हातातल्या पुठ्ठ्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच कुणीतरी तिच्या हातात कोंबला. मग तिनं पवित्रा बदलला. "हो, काढला! फोनमध्ये होकायंत्र लावून बघितलं मी. तो कोपरा ईशान्येचा. ईशान्येला उतार हवा. कुणालाही विचारा. तुम्ही उलट तोच कोपरा उचलताय. गुरू, तुझ्या पन्नाशीला घरात अवदसा आणायचीय का?"

"ताई, हे टेबल आहे, घर नाही!" बाबा कळवळले.

"घरात आहे ना?"

बाबा पुन्हा टेबलाखाली गेले, पुठ्ठा पुन्हा बसला, आणि आत्याला टेबलापासून दोन हात लांब उभं करण्यात आलं. काकांनी पुन्हा सगळ्यांना श्वास हळू घ्यायला लावला. पुन्हा शून्य आलं. हेंकच्या वॉटरपासचा बुडबुडाही अगदी मधोमध बसला.

"ताई, इकडे ये हवं तर," काका खुशीत म्हणाले. "दादा बॉल ठेवतोय तोवर मी सांगतो, वल्लीची खोली कशी केलीय ते. सुरेखा, तू सांग ना, पडदे."

सुरेखाकाकू काकांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "पिवळे घेतलेत. अंबरीशचे ते काळे काढून टाकले. खोली नुसती उजळलीय."

"आणि युनिव्हर्सिटी सायकलवर दहा मिनिटं," काका.

"दहा मिनिटं? बघू फोटो," म्हणत आत्यासुद्धा त्यांच्या बाजूला गेली. हरी तिचा धाकटा, लाडका. त्याच्या बाजूला जायला तिला कारण लागत नसे.

बाबा समोरच्या बाजूला एकटेच उरले. त्यांनी बॉल ठेवला.

बॉल काकांकडे गेला. या वेळी विचारात न पडता, सरळ.

"बघ," काका हसले. "त्यालासुद्धा कळतंय."

बाबांचा चेहरा असा पडला, की वल्लरीला एकदम त्यांची कीव आली. वाढदिवस त्यांचा, टेबल त्यांचं, घर त्यांचं, आणि बॉलसुद्धा त्यांच्या बाजूनं नाही.

"तू बोल्टमध्ये काहीतरी केलंयस हरी."

"बोल्ट तू फिरवतोयस दादा! मी तर नुसता गाल टेकवतोय!"

"लहानपणीसुद्धा तू स्ट्रायकरला मेण लावायचास."

"एकदा! आणि ते मेण नव्हतं, पॅराशूटचं तेल होतं!"

आई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, हातात मसालेभाताचा डाव. मागच्या खोलीत टेबल आल्यापासून तिचं जेवणाचं टेबल सायकलींच्या शेडमध्ये गेलं होतं आणि घरातले सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवत होते, त्यावरही ती काही बोलली नव्हती. आई या विषयात कुणाच्याच बाजूला गेली नव्हती. दिवाळीपासून नाही. वल्लरीनं एकदा सरळ विचारलंही होतं, "आई, तू कुणाकडून?" तेव्हा ती म्हणाली होती, "मी स्वयंपाकघरात," आणि खरोखरच आत गेली होती.

पण आत्ता वल्लरी आईकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

मागची ही खोली मूळ घराची नव्हती. आधीच्या मालकानं ती बागेत वाढवली होती, लाकडाची जमीन टाकून. आल्मेरे हे अख्खं गावच समुद्राच्या तळावर वसलेलं; घरं खोल ठोकलेल्या खांबांवर उभी, पण हौसेनं वाढवलेल्या अशा खोल्यांना खांबबिंब कोण ठोकतो? ती आपली मातीवर बसलेली, थोडी मऊ, थोडी लवचिक. आणि आत्याच्या पायाखालची फळी आत्ता किंचित कुरकुरली होती.

वल्लरीच्या डोक्यात असं काहीतरी चमकलं, की तिनं वाटी खिडकीत ठेवून दिली.

"काकू," ती भाबडेपणानं म्हणाली, "मी तुमच्याकडे राहायला आले तर मला रोज डबा कोण करून देणार?"

"तुझी काकू!" काका छाती काढून म्हणाले. "मी कधीच सांगून टाकलंय दादाला."

सुरेखाकाकूची मान हळूहळू वळली. "कुणाला सांगून टाकलंय?"

"म्हणजे..."

"मी सकाळी सातला घर सोडते हरीश. अंबरीशलासुद्धा मी कधी डबा दिला नाही, तो चीझचा ब्रेड न्यायचा. मला विचारलंस?"

"अगं, त्यात विचारायचं काय, घरचीच मुलगी..."

"पडद्यांबद्दलसुद्धा नव्हतं विचारलंस. नुसतं 'सुरेखा, पडदे' म्हणालास." आणि सुरेखाकाकू ताडताड टेबलाला वळसा घालून बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "दादा, तुमचं बरोबर आहे. मुलीनं आपल्या घरी राहावं."

वल्लरीची नजर बॉलवर. काकांच्या कडेला टेकलेला बॉल हलला नाही. तिनं हात लांब करून तो उचलला, मधोमध ठेवला, सोडला. जागचा हलेना. इकडे दोघं, तिकडे दोघं. बॉल बिचारा मधोमध बसून राहिला.

वल्लरी स्वतः टेबलाच्या टोकाला उभी होती. तिनं बाबांच्या बाजूला एकच पाऊल टाकलं.

बॉल तिच्या मागोमाग निघाला.

तिनं पाऊल मागे घेतलं. बॉल रेंगाळला. ती काकांच्या बाजूला सरकली. बॉल वळला आणि काकांकडे निघाला. वल्लरीनं ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर ती मोठ्यानं किंचाळली असती. नॅनोमीटरवाल्या काकांना कळलं नाही, ब्लॉकरवाल्या बाबांना कळलं नाही! टेबल बिघडलेलं नव्हतंच. घरातली माणसं जिकडे जातील, तिकडे ते कलत होतं.

आणि दोन्ही भाऊ अजून बोल्टवरून भांडत होते.

"मी सांगतो, उद्या कंपनीतून लेझर आणतो."

"उद्या नाही! आजच. आज ठरायचंय."

"मग असंच खेळू. तिरकं टेबल दोघांनाही तिरकंच."

"तिरकं तुझ्याकडे आहे!"

"पुरे रे!" आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दोघांचीही मोठी बहीण म्हणून आयुष्य काढलेल्या आणि वडील गेल्यावर त्यांचंही काम केलेल्या बाईचा होता. "तुमचं हे बघून मला माझं लग्न आठवायला लागलंय."

"ताई, ती गोष्ट आत्ता कशाला," बाबा म्हणाले. त्यांना ती पाठ होती. सगळ्यांनाच पाठ होती. आत्याला दोन स्थळं आली होती, एक सांगलीचं आणि एक पुण्याचं; घरात एकमत होईना, म्हणून आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ कॅरमवर बसले, आणि पुणं जिंकलं. दर लग्नात, दर मुंजीत ही गोष्ट हशा पिकवायची.

"पुढचं कधी सांगितलंय मी?" आत्या म्हणाली. "त्या वेळी मी चहा घेऊन आले होते बाहेर. बाबांची राणी राहिली होती, आणि काका म्हणाले, सोडा हो, पोरीलाच विचारू. बाबा म्हणाले, मध्येच डाव मोडायचा नसतो. मी ट्रे धरून उभी. चहावर साय धरली, पण कुणी वळून बघितलं नाही."

"मग तुला कुणाशी करायचं होतं?" वल्लरीनं विचारलं.

"मला बी.एड. करायचं होतं," आत्या म्हणाली. "तुझे आतोबा म्हणजे माणूस सोन्यासारखा होता गं. माझी काही तक्रार नाही. सांगलीवाल्याचे अजून सगळे दात शाबूत आहेत असं ऐकते, एवढंच." आणि ती स्वतःच हसली. पण या वेळी तिच्याबरोबर कुणी हसलं नाही. हरीशकाका बनातीवरचा न दिसणारा धागा काढायला लागले.

आत्या काकांच्या शेजारून निघाली. टेबलाला वळसा घालून आली आणि वल्लरीच्या बाजूला उभी राहिली. "मला सांग पोरी, तुला काय करायचंय?"

हाच प्रश्न. वल्लरीनं दिवाळीपासून ज्याची वाट बघितली, तो हा. आणि तो आला तेव्हा लगेच बाबा म्हणाले, "ताई, आधी मॅच होऊ दे, मग तिचं बोलू ना," आणि काका म्हणाले, "हो, टेबल तेवढं लागू दे." एकमेकांशी धड न बोलणारे दोन भाऊ त्या एका बाबतीत चटकन एक झाले. बाबा तर पाना घेऊन परत खाली वाकलेसुद्धा.

वल्लरीनं डिबेटमध्ये शिकलेला लांब श्वास घेतला.

"बाबा, बाहेर या. टेबल मी सरळ करून देते."

"तू?"

"मी. पण मी सांगेन तसं सगळ्यांनी करायचं. पाना ठेवा. काका, तुमचं ते यंत्र मधोमध ठेवा. याला सहा पॉकेट्स आहेत, बरोबर? प्रत्येकानं एका पॉकेटपाशी जायचं. बाबा, तुम्ही या कोपऱ्यात. काका, तुम्ही त्याच्या तिरप्या समोरच्या. तुमची दोघांची वजनं सारखी आहेत."

"मी त्याच्यापेक्षा बारीक आहे," काका म्हणाले.

"नाहीस," बाबा म्हणाले.

"काकू, तुम्ही इथे. आत्या, तू समोर, ईशान्येला. मी या मधल्या."

माणसं सरकली. यंत्रावरचे आकडे खालीवर पळू लागले. काकांचं तोंड हळूहळू उघडत गेलं. आपण तीन तास कशाशी झुंजत होतो हे त्यांना त्या आकड्यांत दिसत होतं. "जमीन," ते पुटपुटले. "जमीनच हलतेय. दादा, अरे, लोड... आपणच..."

"गप्प उभे राहा काका. अजून एक पॉकेट रिकामं आहे." वल्लरीनं दाराकडे पाहिलं. "आई."

"मी इथून बघते ना," आई म्हणाली. "भात लागेल खाली."

"आई, तू तिथे उभी राहिलीस तर तुझं वजन धरलंच जात नाही. तिथली जमीन खांबांवर आहे."

आईनं आत जाऊन भाताखालचा गॅस बंद केला. मग तिनं डाव आत ओट्यावर ठेवला, ओढणीला हात पुसले, आणि उंबरा ओलांडून मागच्या खोलीत आली. वल्लरीच्या बरोबर समोरचं मधलं पॉकेट. तिथे येऊन तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

आकडे थांबले. शून्य.

वल्लरीनं बॉल मधोमध ठेवला आणि हात काढला. सहा माणसं वाकून बघत राहिली. बॉल ढिम्म. खिडकीतून अब्राहमच्या टोपीचा शेंडा दिसत होता, तोसुद्धा वाकलाय असं वाटत होतं.

"झालं!" काका कुजबुजले. "दादा, झालं! ब्रेक तू कर, वाढदिवस तुझा आहे."

बाबांनी आनंदानं काठी घ्यायला भिंतीकडे पाऊल उचललं. बॉल काकांकडे निघाला.

"अरे!" काका ओरडले. बाबा झटकन परत आले. बॉल थांबला. मग काकांनी हळूच हात लांब करून, बूड न हलवता, काठी गाठायचा प्रयत्न केला, तर बॉल बाबांकडे निघाला. सुरेखाकाकूला हसू आवरेना, आणि ती हसायला लागली तशी सगळी खोलीच थोडी डुलली. बाबा आणि काका एकमेकांकडे बघत राहिले. टेबल समतल होतं, आजपर्यंत कधी नव्हतं इतकं समतल; आणि त्यावर खेळायला कुणीही जागचं हलू शकत नव्हतं.

"मग मॅच कशी होणार?" बाबा हताशपणे म्हणाले.

"नाही होणार," वल्लरी म्हणाली. "आता कुणी हलू नका. मी बोलणार आहे."

तिनं आधी आईकडे, मग बाबांकडे पाहिलं.

"आई, बाबा. काका, तुम्ही ऐका, पण मी यांना सांगतेय. मी आयंडहोवनला जाणार नाही. आणि घरीही राहणार नाही. मी वाखेनिंगेनला जाणार आहे. मला माती शिकायचीय."

"माती?" बाबा म्हणाले.

"शेतकी कॉलेज?" काका म्हणाले. "एवढ्यासाठी का आपण नेदरलँड्सला..."

"हरी, हलू नकोस," आत्या म्हणाली.

"माती आणि पाणी. तिसरीत आमच्या जुफबाईंनी शाळेच्या मैदानात लांब नळी खुपसली होती आणि बाहेर काढली, तर आत शिंपले निघाले. शाळेच्या खाली समुद्र होता! तेव्हापासून मला हे हवंय, आणि तुम्हाला सगळ्यांना वाटायचं की मला बागेत खेळायला आवडतं. तुम्ही दोघं इतकी वर्षं इथे राहताय आणि आपण कशावर उभे आहोत ते तुमच्यापैकी कुणीच बघत नाही. मी बघते. मला तेच करायचंय, आणि मी त्यात चांगली होईन, हे मला माहितीय."

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग बॉलकडे पाहून मिटलं. आई बॉलकडे बघतच नव्हती. ती टेबलाच्या पलीकडून वल्लरीकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते, तरी कडेवरचे हात तिनं उचलले नव्हते.

"एकटी राहशील?" आईनं विचारलं. दिवाळीपासूनचं तिचं या विषयावरचं हे पहिलं वाक्य.

"हो. विद्यार्थ्यांच्या घरात एक खोली घेऊन. दर शनिवारी घरी येणार नाही आई, ते आत्ताच सांगते. महिन्यातून एकदा येईन, आणि आले की तीन दिवस राहीन. बाबा, मी सोमवारी नाव नोंदवणार आहे. तुम्ही रागावलात तरी नोंदवणार आहे, पण तुम्ही शेजारी बसलात तर मला बरं वाटेल. आणि सप्टेंबरमध्ये मला सोडायला तुम्ही दोघं या. आत्या, काका, काकू, सगळे या, सामान उचला, भांडा, काय वाटेल ते करा. पण त्या खोलीत पलंग कुठे ठेवायचा, ते मी ठरवणार."